केरी ग्रँट: नट की नुसता देखणा सूट?

जुना_प्रेक्षक:
काल 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) परत पाहिला. विमान मागे लागतं तो प्रसंग अफाटच, पण ती करामत दिग्दर्शक हिचकॉकची. ग्रँट १९३२ ते १९६६ हॉलिवूडच्या पडद्यावर होता, सत्तरहून जास्त पिक्चर केले आणि सगळ्यांत केरी ग्रँटच दिसतो. स्पर्धेतलं ऑस्कर एकही नाही. १९७० साली मानद दिलं, म्हणजे आपलं शाल-श्रीफळ.

खडूस:
अहो, 'केरी ग्रँट' हीच मुळात भूमिका आहे! हा मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गरीब घरातला आर्ची लीच. कोलांट्या मारणाऱ्या पेंडरच्या मंडळीबरोबर १९२० साली न्यूयॉर्कला उतरला. ती चाल, ते ना धड ब्रिटिश ना धड अमेरिकन बोलणं, सगळं त्याने घडवलेलं. विमान आल्यावर तो जमिनीवर कसा झोकून देतो बघा. कसरतवाल्याचं अंग आहे ते.

जुना_प्रेक्षक:
कोलांट्या मान्य. पण 'फिलाडेल्फिया स्टोरी'चं (१९४०) ऑस्कर नेलं जेम्स स्टुअर्टने. शेजारचा ग्रँट कोणाला आठवतो?

तिसरी_घंटा:
मला! दारू चढलेला स्टुअर्ट रात्री त्याच्या घरी येतो तो सीन काढा. स्टुअर्टने ऐनवेळी उचकी दिली, ग्रँट शांतपणे "एक्स्क्यूज मी" म्हणाला. समोरच्याला रंगू देणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. शिवाय १९३६च्या सुमाराला पॅरामाउंटचा करार संपल्यावर हा पुन्हा कोणा एकाच स्टुडिओच्या दावणीला गेला नाही. मग त्याच्यासाठी ऑस्करची खटपट करणार कोण? (हे आपलं माझं मत.)

साधाप्रश्न:
अभिनयाचं राहू द्या, वयाचं बोला. 'शराड'मध्ये (१९६३) ऑड्री हेपबर्न त्याच्याहून २५ वर्षांनी लहान! आणि 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये त्याची आई झालेली बाई जेमतेम ७-८ वर्षांनी मोठी. नायिकांना असे लाड मिळाले का कधी?

खडूस:
हे मात्र खरं. पण 'शराड'मध्ये "तिने माझ्यामागे लागावं, मी तिच्या नाही" असा बदल त्यानेच करून घेतला होता. आणि शेवटच्या पिक्चरमध्ये तर तो नुसता दुसऱ्यांचं जुळवून देतो. ६२व्या वर्षी आपणहून थांबला. आपल्याकडे किती जण थांबतात?

तिसरी_घंटा:
जुना_प्रेक्षक, तुम्ही 'नोटोरियस' (१९४६) पाहिलाय का? प्रेम असून नायिकेला, इन्ग्रिड बर्गमनला, शत्रूच्या घरात पाठवतो, मग तिच्यावरच जळत राहतो. आवाज चढत नाही, चेहरा गोड नाही. माणूस चक्क दुष्ट वाटतो. त्यात तुमचा सूट शोधून दाखवा.

जुना_प्रेक्षक:
नाही पाहिला. रविवारी बघतो. शाल-श्रीफळ तूर्त मागे घेत नाही.