मदत हवी आहे : 'अँग्लो-सॅक्सन' मराठीत कसं आणू?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी लेखसंग्रहाचा अनुवाद करतेय आणि 'अँग्लो-सॅक्सन' या एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे.

इतिहासातला अर्थ सोपा. पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये येऊन वसलेले अँगल, सॅक्सन, ज्यूट लोक आणि १०६६मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकेपर्यंतचा त्यांचा काळ. तिथे शब्द तसाच ठेवला, भाषेला 'जुनी इंग्रजी' म्हटलं.

पण पुढे एका लेखात कुणीतरी चिडून 'अस्सल अँग्लो-सॅक्सन शब्द' वापरतो. म्हणजे चक्क शिव्या! लॅटिन-फ्रेंचमधून आलेले शब्द भारदस्त आणि मूळचे तेवढे रांगडे, ही जुनी समजूत त्यामागे आहे. (आपल्याकडे संस्कृत आणि देशी शब्दांचं थोडं असंच होतं.) 'खास गावरान शब्द' लिहिलं तर चालेल? की त्यात गावाकडच्या बोलीचा अपमान होतो? मला हे खरंच खटकतंय.

आणखी एका ठिकाणी फ्रेंच माणूस 'अँग्लो-सॅक्सन अर्थव्यवस्था' म्हणतो, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या धर्तीची मुक्त बाजारपेठ. अमेरिकेतल्या गोऱ्या प्रोटेस्टंट उच्चभ्रूंना 'वास्प' (व्हाइट अँग्लो-सॅक्सन प्रोटेस्टंट) म्हणतात, त्यातही हाच शब्द दडलाय. वंशवादी वापराचा डाग लागल्यामुळे अँग्लो-सॅक्सन काळाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९मध्ये हा शब्द आपल्या नावातून काढायचं ठरवलं.

सगळीकडे एकच शब्द ठेवून तळटीप देऊ, की जागेनुसार वेगळे शब्द योजू? अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा. निदान त्या शिव्यांच्या वाक्यासाठी तरी पर्याय सुचवा.