वृद्धांचे मानसिक आजार: उपचारांतून काय साधायचं, हे कोणी ठरवायचं?

अनुजा_परिचारिका
तपासणीच्या खोलीत पंचाहत्तरीचा पेशंट समोर बसलेला असतो आणि प्रश्न मुलीला विचारला जातो: "रात्री झोपतात का हे? त्रास देतात का?" हे मी सतत बघते आणि दर वेळी राग येतो. झोपतात, जेवतात, त्रास देत नाहीत, म्हणजे झाले बरे!

मानसिक आजारातून पुनर्वसनाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम अँथनी यांनी १९९३ मध्ये रिकव्हरीचा, म्हणजे सावरण्याचा, विचार मांडला. आजार पूर्ण गेला नाही तरी माणूस समाधानाने, आशेने, इतरांच्या उपयोगी पडत जगू शकतो, आणि उपचारांचा रोख तिकडे हवा. तरुणांच्या बाबतीत हे आता बऱ्यापैकी पटलंय. म्हाताऱ्यांची वेळ आली की "आता या वयात काय?" वास्तविक साठीनंतरच्या नैराश्यातही बोलण्याचे उपचार लागू पडतात. माझं म्हणणं एवढंच: पहिला प्रश्न पेशंटला विचारा, "तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय?"

लेक_आणि_काळजीवाहक
असहमत. माझ्या आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. रात्री दोनला उठते, पर्स काखेत मारते आणि कडी काढायला लागते. विचारलं तर म्हणते, "घरी जायचंय." ती घरातच असते. आता हे तिचं ध्येय धरून मी दार उघडून देऊ? ज्या आजारात माणूस दर महिन्याला थोडा थोडा हातचा जातो, तिथे रिकव्हरी हा शब्द ऐकूनसुद्धा जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं. मला ती सुरक्षित हवी आणि मला सलग चार तास झोप हवी. पेशंटचं ऐका म्हणता, मग घरच्यांचं कोण ऐकणार?

जुना_फिजिशियन
दोघींनाही एक सांगतो. ध्येय नंतर, आधी निदान. माणूस दोन-तीन दिवसांत अचानक बरळायला लागला तर तो बहुधा डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, असतो. संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, एखादं नवीन औषध अशी कारणं शोधावी लागतात. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता नैराश्यासारखी दिसू शकते. आणि वृद्धाने नैराश्यात खाणंपिणंच सोडलं असेल तर ध्येयांच्या गप्पांत दिवस घालवू नका. तिथे ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणून घाबरतात तो उपचार, जीव वाचवू शकतो.

अनुजा_परिचारिका
डॉक्टर, निदानाबद्दल शंभर टक्के मान्य.
ताई, दार उघडू नका. पण "घरी जायचंय" याच्यामागे काय आहे ते बघा. कधी लघवीला लागलेली असते, कधी दुखत असतं, कधी नुसती भीती. डिमेन्शियाच्या काळजीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७च्या पुस्तकात हेच आग्रहाने मांडलं, की डिमेन्शियातही माणूस माणूसच राहतो आणि भोवतालचे त्याच्याशी कसे वागतात यावर बरंच काही ठरतं. हे बघायचं सोडून आपण गुंगीची गोळी देतो, बहुतेकदा अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-भास यांवरचं औषध. डिमेन्शियाच्या वृद्धांत अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ मध्येच दिलाय.

लेक_आणि_काळजीवाहक
लघवीचं पटलं, बघते. पण ती गोळी मी हौसेने देत नाही. रात्री तिच्याजवळ बसायला दुसरं माणूस नाही म्हणून देते.

मावळत्या_वयाचा
मी स्वतः ७१चा, नैराश्यावर उपचार चालू आहेत. मला "काय हवंय" विचारलं गेलं, बरं वाटलं. मग "तुम्ही आता सावरलात" म्हणत घरी येणारी समुपदेशक बंद केली. अनुजाताई, तुमच्या विचाराचा असाही वापर होतो. विचारा जरूर, पण मदत काढून घेण्यासाठी नको.

अनुजा_परिचारिका
काका, तसं होता कामा नये आणि होतं, हे खरं आहे. मदत चालू ठेवूनच हा प्रश्न विचारायला हवा.
ताई, पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळी कमी करून बघता येईल का ते विचारा. अशा गोळीचा दर ६ आठवड्यांनी तरी फेरविचार करावा, अशी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस आहे. मनाने बंद मात्र करू नका. आणि रात्रीच्या माणसाचा विषय त्याच भेटीत काढा, तीही उपचाराचीच गोष्ट आहे.