स्वतःच्याच लॅपटॉपचे वॅट बघायला सुडो कशाला?

बॅटरी_लो: सँडी ब्रिज या प्रोसेसर पिढीपासून, म्हणजे २०११ पासून, इंटेलच्या चिपमध्ये रॅपल नावाचा वीजमीटर आहे. लिनक्स त्याचा मायक्रोज्यूलमधला आकडा एका फाईलीत दाखवतं, सेकंदभराने दोनदा वाचा, वजाबाकी करा, दहा लाखाने भागा, झाले वॅट. आधी कोणीही वाचायचं, २०२० च्या शेवटी ती फाईल फक्त रूटची, म्हणजे सुडो लावून अ‍ॅडमिन होणाऱ्याची, झाली आणि माझं पॅनेलवरचं विजेट मुकं झालं ते झालंच. वीज वाचवा म्हणायचं आणि मीटरलाच कुलूप!

उंटावरचा_शहाणा: कुलूप उगाच नाही घातलं. प्लॅटिपस हल्ला आठवतो का? ग्राझच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दाखवलं की नुसता हा आकडा परत परत वाचून एईएस या कूटलेखन पद्धतीची गुप्त किल्ली काढता येते. हात न लावता.

बॅटरी_लो: हो, पण कमीत कमी २६ तास लागले ना त्यांना. आणि जो प्रोग्रॅम माझ्या नावाने चालतोय तो माझ्या एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या, किल्ल्या सरळ कॉपी करेल की, वॅट कशाला मोजत बसेल??

उंटावरचा_शहाणा: तुझ्या लॅपटॉपवर नसेल बसत. पण एका सर्व्हरवर दहा जणांचे कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत चालणारे प्रोग्रॅम, असतात, त्यांना एकमेकांच्या फाईली दिसत नाहीत, मीटर मात्र सगळ्यांचा एकच. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरनेसुद्धा २०२३ मध्ये तो कंटेनरपासून झाकला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय फक्त तुझ्यासाठी बनत नाही.

अर्धी_झोप: अरे पण सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या, अजून उघडे आहेत की. सीपीयू-आयडलच्या फोल्डरमध्ये प्रत्येक कोअर कुठल्या झोपेत किती मायक्रोसेकंद होता ते विनारूट दिसतं. माझी बॅटरी कोण खातंय ते मी त्यावरूनच पकडलं, एका चॅट अॅपचं हलणारं चिन्ह होतं, विंडो मिनिमाइज केली की कोअर गाढ झोपायचे.

बॅटरी_लो: ती वेळ कर्नलच्या हिशेबातली. त्याने गाढ झोप मागितली म्हणून चिप तेवढी झोपलीच असं नाही, अख्खं पॅकेज, म्हणजे सगळ्या कोअरसकट पूर्ण चिप, झोपलं का ते नीट बघायला बहुतेक परत रूटच.

उंटावरचा_शहाणा: मग वेगळा ग्रुप कर, बूट होताना फाईल त्या ग्रुपला दे आणि विजेट त्यात टाक. लॅपटॉप तुझा, जोखीम तुझी. सगळ्यांसाठी उघडं ठेवा म्हणू नकोस एवढंच.

बॅटरी_लो: केलं. ६ वॅट दाखवतंय. दर सेकंदाला उठून मोजतंय, त्यामुळे त्यातले थोडे तेच खात असणार 😅