पाळणाघरात वयानुसार खोल्या केल्या तर मावश्या किती लागतात?

पाळणाघरवाली, इंदिरानगर:
माझ्याकडे ३० मुलं आहेत. दीड वर्षाखालची ५, दीड ते तीनची ९, तीन ते सहाची १६. मी स्वतःपुरता नियम ठरवलाय: तान्ह्या चौघांमागे एक मावशी, मधल्या आठांमागे एक, मोठ्या पंधरांमागे एक. तीन खोल्या केल्या की प्रत्येक खोलीत एकच मूल जास्त होतं आणि त्या एकासाठी आणखी एक मावशी ठेवावी लागते. म्हणजे सहा जणी. तीच मुलं एकत्र धरली तर ५÷४, ९÷८ आणि १६÷१५ यांची बेरीज साडेतीनच्या आत येते, चार मावश्या पुरतात. पगार ११ हजार, म्हणजे महिन्याला २२ हजार वाचतात, मुलामागे सातशेच्या वर. माझी फी साडेचार हजार आहे आणि ती मला वाढवायची नाही. लहान पाळणाघरांनी मुलं एकत्रच ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात तरी भावंडं वेगवेगळ्या खोल्यांत कुठे वाढतात?

दोन मुलींची आई, गंगापूर रोड:
ताई, भागाकार बरोबर आहे, पण मावशीचे हात असे भागले जात नाहीत. आठ महिन्यांच्या बाळाला मऊ भात भरवायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ती बाई दुसऱ्या कोणाचीच नसते. माझी धाकटी आधी एका पाळणाघरात अशीच सगळ्यांत असायची. एक दिवस मोठ्या मुलांचा मणी तिच्या तोंडात सापडला. मावशी तिथेच, दोन हातांवर, पण चार वर्षांच्या एका मुलाची ओली चड्डी बदलत होती. तिला मी दोष देत नाही. तान्ह्यांची फी हजाराने जास्त घ्या, मी देईन, पण खोली वेगळी ठेवा.

अंबडचा कामगार:
तुम्ही द्याल हो. आमच्या घरात हजार जास्त गेले तर बायकोने कामावर जाण्यात काय उरलं? मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचं केलं ते ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे. आमच्या कारखान्यात ३५ माणसं, म्हणजे आम्हाला ते लागूच नाही. माझी मुलगी चार वर्षांची, मुलगा एक वर्षाचा. ताई समोर दिसली की तो झोपतो, नाहीतर रडून घर डोक्यावर घेतो. एकत्रच बरं.

निवृत्त पर्यवेक्षिका, नाशिक रोड:
आकडे समोर असू देत. आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तिघांमागे एक लागतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मिश्र गट केला की त्यातल्या सर्वांत लहान मुलाचं प्रमाण सगळ्या गटाला लावतात. तो नियम तुमच्या ३० मुलांना लावा: चौघांमागे एक, म्हणजे आठ मावश्या. वेगळ्या खोल्यांपेक्षा दोन जास्तच! एकत्र केल्याने पैसे वाचतात ते फक्त तुम्ही अपूर्णांकांची बेरीज करता म्हणून.

बालवाडी शिक्षिका, सिडको:
पण एकत्र ठेवणं आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना जोडली होती.

निवृत्त पर्यवेक्षिका, नाशिक रोड:
जोडली होती, बाई. मुलांसाठी जोडली होती, माणसं कमी करायला नाही.

हिशोबनीस, पंचवटी:
तिसरा रस्ता कोणी पाहिलाच नाही. मुलं ४, ८ आणि १५ अशीच घ्या. २७ मुलं, तीन खोल्या, तीन मावश्या. फी १,२१,५०० आणि पगार ३३,०००, हातात ८८,५००. तुमच्या मिश्र गटात फी १,३५,००० आणि पगार ४४,०००, म्हणजे ९१,०००. फरक अडीच हजारांचा. पाचवं बाळ साडेचार हजार आणतं आणि अकरा हजार नेतं.

पाळणाघरवाली, इंदिरानगर:
आणि तीनपैकी एकीला ताप आला तर? त्या दिवशी एक खोली उघडीच पडणार. शिवाय दरवर्षी जूनमध्ये काय होतं ते सांगते. ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणाऱ्यांना नर्सरीत प्रवेश मिळतो, आणि माझ्याकडची मोठी मुलं एकदम कमी होतात. मोठ्यांच्या फीवरच तान्ह्यांची मावशी निघते. ते गेले की खर्च तोच राहतो, फी मात्र जाते. तरी त्या पाचव्या बाळाच्या आईला 'जागा नाही' म्हणणं मला जमत नाही. ती सहा महिन्यांची रजा संपवून दारात उभी असते.

पण मण्याची गोष्ट वाचून मला रात्री झोप लागली नाही. असं करता येईल का: तान्ह्या पाचांची खोली वेगळी, तिथे दोघी. बाकीचे पंचवीस एकत्र, तिथे तिघी. एकूण पाच, सहापेक्षा एक कमी. सगळे एकत्र फक्त सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर, जेव्हा सात-आठच मुलं असतात. बारीक खेळणी तेवढा वेळ कपाटात, कुलपात.

अंबडचा कामगार:
दुपारी झोपताना धाकट्याला ताईजवळ नेलं तर चालेल?

पाळणाघरवाली, इंदिरानगर:
चालेल दादा. तुमच्या मुलीची गादीच तान्ह्यांच्या खोलीत टाकू, मणी-खडू बाहेर ठेवून.

दोन मुलींची आई, गंगापूर रोड:
संध्याकाळी सहानंतर किती मावश्या थांबतात, ते दारावरच्या फळ्यावर रोज लिहाल का? मी सव्वासातला पोचते.