फायटर माशाच्या पिल्लांसाठी जिवंत खाद्य घरी वाढवताना सुरुवात कशापासून करावी?

पाणकमळ (नाशिक) :
सप्रेम नमस्कार. माझ्याकडील फायटरच्या जोडीने दुसऱ्यांदा अंडी घातली आणि नराने फेसाच्या घरट्याची राखणही नेटाने केली. परंतु पिल्ले पोहू लागल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत निम्म्याहून अधिक दगावली. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून पिळून मी दिवसातून तीनदा देत होते, तरी त्यांची पोटे सपाटच दिसत आणि तळाशी पांढुरका थर साचे. जागा स्वयंपाकघराच्या ओट्यापुरतीच आहे. कोणते खाद्य आधी वाढवावे?

शेवाळ :
ताई, उणीव आपल्या देखभालीत नाही, बलकात आहे. ही पिल्ले हलणाऱ्या भक्ष्याकडे वळतात. निश्चल बलक बहुतांशी तसाच राहतो आणि कुजून पाण्यातला अमोनिया वाढवतो. ओट्यावर मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) उत्तम होतात. शिजवून थंड केलेल्या ओट्सचा घट्ट लगदा पसरट डब्यात बोटभर जाडीचा पसरावा, त्यावर चिमूटभर यीस्ट भुरभुरावे आणि एखाद्या मत्स्यपालकाकडून आणलेले चमचाभर विरजण (जिवंत कृमी असलेला लगदा) त्यात मिसळावे. झाकणाला भोके पाडून वर कापड बांधावे, नाहीतर चिलटे आत शिरतात. चार-पाच दिवसांत कृमी भिंतीवर चढू लागतात. डबा उजेडात तिरका धरला, तर ओल्या प्लास्टिकवर रेशमाची जाळी सळसळत असल्यासारखे दिसते. ते बोटाने पुसून वाटीतल्या पाण्यात खळबळावेत आणि ड्रॉपरने द्यावेत. आंबूस वास जाऊन कुजका वास येऊ लागला, की थोडे जुने विरजण घेऊन नवा डबा लावावा.

खाडीकाठ :
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र मायक्रोवर्म तळाशी बसतात आणि फायटरची पिल्ले बरीचशी वरच्या थरात हिंडतात. म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये. आर्टेमियाला (खाऱ्या पाण्यातील इवल्या कोळंबीसारख्या जीवाला) पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. 1 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, 26 ते 28 अंश तापमान, वरून दिवा आणि हवेच्या पंपाची जोरदार ढवळणी मिळाली, की 24 ते 36 तासांत त्याची अंडी फुटतात. मग पंप बंद करून बाटलीच्या तळाशी एका बाजूला उजेड धरावा : रिकामी टरफले वर तरंगतात, तर नारिंगी पिल्ले उजेडाकडे गोळा होतात आणि बारीक नळीने ओढून घेता येतात. टरफले टाकीत जाऊ देऊ नयेत, ती पचत नाहीत. खाद्य गाळून गोड्या पाण्यात धुवावे आणि लगेच द्यावे, कारण अंगातला बलक हेच त्यांचे सत्त्व असून ते तासागणिक घटत जाते.

तळेगावकर :
पुढच्या टप्प्यासाठी, खिडकीत बादली मावत असेल, तर मोइना (गोड्या पाण्यातील बारीक पाणपिसू) ठेवावी. डॅफ्निया या दुसऱ्या पाणपिसूपेक्षा ती उकाडा आणि प्राणवायूची कमतरता अधिक सोसते. क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात हिरवे पाणी (सूक्ष्म शेवाळाने हिरवे झालेले) किंवा यीस्टचे अगदी पातळ द्रावण घालावे. पाणी पुन्हा निवळल्याशिवाय दुसरा घोट देऊ नये, कारण मोइनाची बादली उपासमारीपेक्षा अतिखाद्याने अधिक वेळा बसते. मी स्वतः एका रात्रीत सगळी गमावली आहे, तेव्हापासून दुसरी बादली कायम राखीव असते. बादलीवर घट्ट जाळी बांधणे मात्र अनिवार्य समजावे. तिथे डासांच्या अळ्या झाल्या, तर डेंग्यूचा धोका साऱ्या इमारतीला आहे.

पाणकमळ :
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. या वेळी जोडी एकत्र सोडण्यापूर्वी दहा दिवस आधीच मायक्रोवर्मचे दोन डबे लावले. पिल्ले पोहू लागली, त्या सकाळी आर्टेमियाची पहिली बाटलीही तयार होती. आज आठवा दिवस आहे. भिंगातून पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पारदर्शक अंगातून नारिंगी पोट स्पष्ट दिसते. मोइनाच्या बादलीसाठी जाळी आणली आहे; हिरवे पाणी तयार झाले, की विरजण मागायला येईन.