गूढानुभवाला धर्माची गरज असते का? सूफी परंपरेच्या निमित्ताने

वाटसरू (धागाकर्ता)

धर्माचे खरे स्थान व्यक्तीच्या अंतरंगात आहे आणि तिथे त्याला आधार असतो तो स्वतःच्या अनुभूतीचा, ग्रंथप्रामाण्याचा नव्हे, असे माझे मत आहे. या मताला सर्वांत बळकट पुरावा मला इस्लामी धर्मपंडित आणि सूफी, म्हणजे इस्लाममधल्या गूढानुभवाच्या मार्गाचे साधक, अबू हामिद अल्-गझाली यांच्या आयुष्यात दिसतो. बगदादच्या निजामिया मदरशात ते अत्यंत मानाच्या पदावर होते आणि धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान या दोन्हींत त्यांच्या तोडीचे विद्वान त्या काळी फार थोडे होते. तरीही १०९५ मध्ये त्यांची अशी अवस्था झाली की शिकवायला बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना आणि अन्न घशाखाली उतरेना. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून कीर्तीसाठी आहे, हे त्यांना उमगले होते. पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे फिरले आणि अनेक वर्षे साधनेत राहिले. पुढे त्यांनी लिहिले की आरोग्याची व्याख्या पाठ असणे आणि स्वतः निरोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सूफींचे ज्ञान दुसऱ्या प्रकारचे असते.

एवढ्या मोठ्या पंडितालाही शास्त्राने जे दिले नाही ते अनुभूतीने दिले असेल, तर सामान्य माणसाच्या खासगी आयुष्यात विधी, नेमनियम आणि धर्मपंडितांचे निवाडे यांना इतके महत्त्व का द्यावे? ही सारी साधने आहेत आणि साधनांची सक्ती नसावी, असे मला मनापासून वाटते.

साशंक

अनुभूती येते, ती प्रामाणिक असते आणि माणूस तिने बदलतो, या तिन्ही गोष्टी मी मान्य करतो. पण ती सिद्ध काय करते? २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशिष्ट अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन हे द्रव्य काही स्वयंसेवकांना देखरेखीखाली देण्यात आले होते. दोन महिन्यांनंतर त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला. द्रव्यामुळे आला म्हणून अनुभव खोटा ठरत नाही, हे खरे. परंतु त्याची तीव्रता आणि त्यासोबत येणारी ‘मला सत्य कळले’ ही खात्री, या दोन्ही गोष्टी बाहेरच्या जगाविषयी पुरावा म्हणून अपुऱ्या आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते. मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच म्हटले होते की अशा अवस्था अनुभवणाऱ्यावर अधिकार गाजवू शकतात, इतरांवर त्यांचे काहीही बंधन नाही.

हा आक्षेप केवळ बाहेरून आलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. सूफी विचारवंत इब्न अरबी यांच्या परंपरेने सारे अस्तित्व एकच आहे असे प्रतिपादले, तर नक्शबंदी या सूफी परंपरेतील शेख अहमद सरहिंदी (मृत्यू १६२४) यांनी ठामपणे सांगितले की साधकाला जाणवणारे ते ऐक्य त्याच्या पाहण्यात आहे, वस्तुस्थितीत नाही. म्हणजे अत्युच्च अनुभूतीचा अर्थ काय लावायचा, यावर खुद्द अनुभवी लोकांचे एकमत नव्हते. मग अशा अनुभूतीवर खासगी आयुष्याचे मोठे निर्णय कसे उभे करावेत? एखाद्याला अंतःप्रेरणा होते आणि तो घरच्यांची जबाबदारी टाकून निघून जातो, तेव्हा किंमत दुसरेच मोजतात.

मृद्गंध

वाटसरू, आपण गझालींची गोष्ट अर्ध्यावर थांबवलीत. ११०६ मध्ये ते नीशापूरला पुन्हा शिकवू लागले. साधनेच्या काळात सुरू झालेल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा पहिला चतुर्थांश उपासनेवर आहे आणि त्यात शुद्धी, नमाज, जकात, उपवास यांचे सविस्तर विवेचन आहे. अनुभूतीने त्यांना विधींपासून दूर नेले नाही. ज्या विधींतला प्राण गेला होता त्यांत तो परत कसा आणावा, हे तिने त्यांना दाखवले. आणि साशंक, गझालींनी निघण्यापूर्वी मुलाबाळांच्या निर्वाहापुरते बाजूला ठेवून मगच उरलेली संपत्ती वाटून टाकली होती.

सूफी म्हणजे नियम झुगारणारा मुक्त आत्मा, हे चित्र आज फार लोकप्रिय आहे आणि मला ते अन्यायकारक वाटते. बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) या परंपरेच्या मुख्य आधारस्तंभांपैकी एक. कुराण आणि पैगंबरांचा आचार यांची चौकट त्यांनी कधी सोडली नाही आणि अनुभूतीच्या धुंदीपेक्षा त्यानंतरच्या सावधपणाला श्रेष्ठ मानले. ‘फना’, म्हणजे अहंकाराचा विलय, हा त्यांच्या दृष्टीने शेवटचा मुक्काम नव्हता. त्यानंतर ‘बका’ येते, जिथे साधक माणसांत परततो आणि आपली कर्तव्ये अधिक निर्मळपणे करतो. नक्शबंदींनी तर ‘गर्दीतला एकांत’ हे तत्त्वच मानले.

धर्माची चौकट काढून घेतल्यावर काय उरते, याचे उदाहरण तुर्कस्तानात आहे. १९२५ मध्ये तिथल्या सरकारने सर्व सूफी मठ बंद केले. पुढे १९५० च्या दशकात कोन्या येथे मेवलेवी या सूफी पंथाच्या दरवेशांच्या ‘समा’ला, म्हणजे संगीताच्या साथीने गिरक्या घेत करायच्या उपासनेला, परवानगी मिळाली, ती प्रेक्षकांसमोरचा सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. जी उपासना होती तिला तिकिटाच्या खेळाचे रूप आले. घरांच्या बंद दारांआड ज्यांनी जिक्र, म्हणजे ईश्वरनामाचा जप, चालू ठेवला, त्यांनीच खरी परंपरा राखली.

वाटसरू

बंद दारांआडचा तो जिक्र माझ्याच बाजूचा आहे. संस्था गेली, पण माणसांनी साधना सोडली नाही.

चौकटीविषयी बोलायचे तर सूफी साधक मन्सूर अल्-हल्लाज यांना आपण टाळू शकत नाही. ९२२ मध्ये बगदादेत त्यांना देहदंड झाला. ‘मीच सत्य आहे’ या उद्गारासाठी ते मारले गेले असे आपण ऐकतो. त्यामागे दरबारी राजकारणही पुष्कळ होते, परंतु खटल्यात निर्णायक ठरला तो त्यांचा एक मजकूर. ज्याला हजला जाणे शक्य नाही त्याने घरातच एक पवित्र जागा करावी, तिथे विधी करावेत, अनाथ मुलांना जेवू घालावे आणि वस्त्रे द्यावीत, असा त्याचा आशय होता. भुकेल्या पोरांना अन्न देणारी भक्ती ज्या चौकटीला पाखंड वाटली, त्या चौकटीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकत नाही. आपल्या श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांचे नाते कादरी या सूफी परंपरेशी होते, तरीही त्यांनी मराठी ओव्यांतून योगमार्ग सांगितला. अनुभूती आपली भाषा स्वतः निवडते, तिला ती निवडू द्यावी.

ओंजळ

मला यात मुर्शिदाची, गुरूची बाजू महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कोणीच बोललेले नाही. मुरीदाने, म्हणजे शिष्याने, गुरूच्या हाती असे असावे जसे प्रेत ते धुणाऱ्याच्या हाती, असे या परंपरेत सांगितले जाते. त्यामागे अहंकार मोडण्याचा हेतू असेल, पण एवढी शरणागती चुकीच्या माणसाच्या पदरात पडली तर शिष्याजवळ दाद मागायला काय उरते? खासगी धर्माचे समर्थन करताना हे विसरू नये की शोषण बहुधा खासगीतच होते. गुरूच्या शब्दावर बोट ठेवण्याची सोय शरियतच्या लिखित नियमांत तरी आहे. निव्वळ अनुभूतीच्या दाव्यात तीही नाही.

साशंक

ओंजळ यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, फक्त ती सोय विवेकातही आहे. मृद्गंध म्हणतात तसा अनुभूतीचा कस नंतरच्या वागण्यावर लागत असेल, तर तो मलाही मान्य आहे. मात्र मग धर्माची गरज कुठे राहिली? अनाथांना कोणी जेवू घातले, हे कोणत्याही धर्माचा नसलेला माणूसही पाहू शकतो.

मृद्गंध

पाहू शकतो, निःसंशय. पण माझा प्रश्न करणाऱ्याविषयी आहे. सूफी ‘हाल’ आणि ‘मकाम’ असा भेद करतात. हाल कृपेने येतो आणि निघून जातो; मकाम कष्टाने मिळवावा लागतो आणि टिकवावा लागतो. तुमच्या त्या अभ्यासातला अनुभव हालासारखा आहे, आणि कोणाच्याही आयुष्यात हालाचे दिवस फार थोडे असतात. उरलेले दिवस कोरडे जातात: मन लागत नाही, जप यांत्रिक होतो, करुणाही आटते. त्या दिवसांत पाच वेळा उठवणारा नियम, महिनाभराचा उपवास आणि कमाईतून काढून ठेवलेला ठरलेला हिस्सा माणसाला धरून ठेवतात, त्याला काही जाणवो वा न जाणवो. विवेक हे काम करत असेल तर मी त्याचे स्वागतच करीन. परंतु साशंक, आतून काहीही वाटत नसताना तुम्हाला रोज उठवणारे तुमच्याकडे काय आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.