नऊ वर्षांच्या मुलीला तायक्वांदोच्या ‘फाइट’ला उतरवावं का?

सौदागरची_आई :
आमची मुलगी नऊ वर्षांची. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये तायक्वांदो शिकते आणि तिला ते मनापासून आवडतं. आतापर्यंत नुसतं पूमसे, म्हणजे एकटीनं ठरलेल्या हालचाली करून दाखवणं, एवढंच होतं, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नव्हती. आता सर म्हणतात, जिल्हा स्पर्धेत फाइटला उतरवू. पण खालच्या वजनगटात बसवायचं तर दीड किलो उतरवावं लागेल. म्हणून आठवडाभर रात्रीचं जेवण बंद आणि आदल्या दिवशी पाणी अगदी घोट घोट. नवरा म्हणतो, सर सांगतायत तर करू. सासूबाई म्हणतात, पोरीच्या नाकावर लाथ बसली की कळेल सगळ्यांना. मुलीला मात्र लढायचंच आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलं असे खेळ खेळतात का?

पेठेतला_जुना :
काही होत नाही हो. आम्ही लहानपणी गच्चीवरून पडायचो. हल्ली गुडघा खरचटला तरी एक्स-रे काढतात. बिनधास्त उतरवा.

लालमाती_करवीर :
ताई, मी कोल्हापूरकडचा. तालमीत वाढलो, आता गावातली पोरं शिकवतो. सकाळी माती, संध्याकाळी मॅट. पोरांनी लढूच नये म्हणणारा मी नव्हे. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात पहिल्या कुस्त्या बारक्यांच्याच लागतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव पण गोळेश्वरात लहानपणीच मातीत उतरले, वडील पैलवान होते त्यांचे.

पण तालमीत आलेल्या पोराला लगेच डाव कोण शिकवतो? आधी माती उकरायची, कोलांट्या मारायच्या, हनुवटी छातीला लावून पडायला शिकायचं. ते अंगात मुरलं की एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायचा डाव. ढाक, कलाजंग हे उचलून फेकायचे डाव मी लहानांना दाखवतसुद्धा नाही. त्यात पोरगं हवेत जातं आणि डोकं कुठं येईल याचा भरवसा नसतो. मोठा पैलवान मान आवळून घेतो, सात-आठ वर्षांच्या पोराची मान काकडीसारखी.

जपानचं बघा. ज्युदो तिथलाच खेळ. तरी १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराच्या वर मुलं जिवानिशी गेली. त्यात डोक्याला मार लागून गेलेली बरीच, आणि नवखी जास्त. २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेच्या पोरांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद करून टाकली. जिंकायच्या नादात मोठी माणसं पोरांचं वजन उतरवत होती, पंचांवर खेकसत होती, हे कारण. ज्युदो चालूच आहे, फक्त ती स्पर्धा गेली. आपल्याकडं असं कुणी केलं तर मोर्चा निघेल!

आता तुमच्या सरांच्या दीड किलोकडं येतो, कारण मला खरी चीड त्याचीच आली. वजन उतरवणं हे कुस्तीचं जुनं दुखणं आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिन्याभरात वजन उतरवताना मेले. अंगात रबरी कपडे, गरम खोलीत व्यायाम, पाणी बंद. चांगली वाढलेली पोरं होती ती. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा रात्रभर काय काय करतात ते आपण सगळ्यांनी वाचलं. ती ऑलिंपिकची फायनल होती, ती मोठी बाई होती, तिचा निर्णय तिचा. नऊ वर्षांच्या पोरीची हाडं वाढायच्या वयात आहेत, तिचं जेवण बंद करायचं ते जिल्ह्याच्या पदकासाठी? आमच्या वस्तादांपुढं असं कुणी बोललं असतं तर त्यालाच सपाट्या मारायला लावल्या असत्या.

आणि फाइटचं म्हणाल तर नियम माहीत करून घ्या. तायक्वांदोत छातीला लाथ बसली की दोन गुण, डोक्याला बसली की तीन. हा हिशेब बारक्या पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

बालरोग_ओपीडी :
लालमातींशी सहमत. भर एवढीच, की हेडगार्डवर विसंबू नका. त्यानं कापणं-फुटणं कमी होतं. पण डोकं झटक्यानं हललं की आत मेंदूही हलतो, ते हेडगार्डनं थांबत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये मुलांच्या बॉक्सिंगला सरळ विरोध केला, कारण तिथं डोक्यावर मारणं हाच खेळ आहे. मार लागल्यावर मूल गुंगलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं, की त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर ते जिवावर बेतू शकतं.

पेठेतला_जुना :
एवढं सगळं वाचून आता नातवाला कॅरमच आणतो.

सौदागरची_आई :
सरांना आज विचारलं. म्हणाले, “बाकीच्या पालकांना काही अडचण नाही, तुम्हालाच का?” डोक्याला लागलं तर काय करता, यावर “आजवर कुणाला लागलं नाही” एवढंच उत्तर.

लालमाती_करवीर :
कुणाला लागलं नाही म्हणणारा एकतर रोज शिकवत नाही, नाहीतर बघत नाही. माझ्याकडं दर महिन्याला काहीतरी लागतं, बोट, कोपर, कान. वहीत लिहून ठेवतो आणि पालकांना दाखवतो.

पोरीला खेळातून काढू नका, रुसेल. पूमसे चालू ठेवा. सरांना सांगा, डोक्याला लाथ न मारता क्लासातल्या क्लासात सराव होत असेल तर चालेल. फाइट दोन-तीन वर्षांनी बघू, आणि तेव्हाही आहे त्या वजनात. पोटभर जेवून वरच्या गटात हरली तर हरू दे. सर अडून बसले तर दुसरा क्लास शोधा, पण फी भरायच्या आधी एक अख्खा तास कोपऱ्यात बसून बघा. पोरगं रडायला लागल्यावर शिकवणारा काय करतो तेवढं बघितलं तरी पुरे.